आपानं धुतलेली काच

कोणाच्याही घरी पाणी प्यायलो की रिकामा पेला खाली ठेवण्याआधी माझी नजर त्याच्या आतल्या बाजूवर जाते. काचेवर उरलेलं पाणी सलग पसरलं आहे की थेंबाथेंबांत तुटलं आहे, हे मी बघतो. बायको म्हणते, असं बघू नका, लोकांना वाईट वाटतं. मलाही बघायचं नसतं. ही खोड माझी नाही, जैबुनआपाची. तिच्याबद्दल लिहायला बसलो आहे आणि दर चार ओळींनी उठून खोलीत फेऱ्या मारतो आहे. कारण आपाबद्दल सांगायचं तर एक गोष्ट स्वतःबद्दलही सांगावी लागते, आणि ती टाळून पुढे जाण्याचा रस्ता मला अजून सापडलेला नाही.

पांढरकवड्याच्या आमच्या कॉलेजात आपा रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होती. आधी तिचा नवरा त्या जागेवर होता. तो वारल्यावर अनुकंपेवर ती लागली. तिचे वडील कलईवाले. भाता, नवसागर आणि कथलाची कांडी सायकलला बांधून केळापूरपासून वणीपर्यंतचे आठवडी बाजार करायचे. भांडं आतून नीट घासलं गेलं नसेल तर कलई धरत नाही, म्हणून घासण्याचं काम ते लेकीवर सोपवत. लहानपणी आपानं किती पितळी गंज, म्हणजे पातेली, वाळूनं घासले असतील याचा हिशेब नाही. प्रयोगशाळेत आली तेव्हा तिला फ्लास्क, ब्युरेट ही नावं माहीत नव्हती, पण स्वच्छ म्हणजे काय हे आम्हा सगळ्या प्राध्यापकांपेक्षा जास्त माहीत होतं.

तिची कसोटी साधी होती. धुतलेल्या काचेत पाणी घ्यायचं, ओतून द्यायचं आणि बघत उभं राहायचं. काच खरोखर स्वच्छ असेल तर पाणी ओढणीसारखं सलग उतरतं. कुठे बोटाचा तेलकटपणा राहिला असेल तर तिथे ते फाटतं, थेंब होतात. याला आपा ‘पाणी फुटणं’ म्हणायची. पाणी फुटलं की भांडं परत मोरीत. दोनदा, तीनदा, पाचदा. परीक्षेच्या दिवशी पोरं दाराशी खोळंबून विचारायची, आपा, झालं का? ती मान वर न करता म्हणायची, “तुमचं झालं असन. काचेचं नाही झालं.”

तिचे सात ब्रश होते. भिंतीतल्या खिळ्यांवर लहान-मोठे क्रमानं टांगलेले. ते कोणाला मिळत नसत. आमच्याच विभागातल्या एका प्राध्यापकानं त्यातला एक ब्रश घेऊन स्वतःची पाण्याची बाटली घासली, तर आपानं तो ब्रश कचऱ्यात टाकला, त्याच्याकडून नवा आणवला आणि पुढचे आठ दिवस त्याच्या प्रॅक्टिकलला मोजून-मोजून सगळ्यात जुन्या ब्युरेट दिल्या. डोक्याला तेल चोपडून आलेल्या पोराला ती धुतलेल्या काचेच्या कपाटाजवळ फिरकू देत नसे. ती प्रेमळ होती असं मी म्हणणार नाही. ती राग धरायची, टोमणे मारायची, आणि चूक तिची असेल तर कबूल करायला तिला दोन दिवस लागायचे. पण कबूल करायची. मला मात्र काही वर्षं लागली, ते पुढे येईलच.

एकदा कॉलेजची तपासणी करायला समिती आली होती. प्राचार्यांच्या खोलीत चहा आला. आपा पाण्याचा ट्रे घेऊन गेली होती. समितीचे प्रमुख कप ओठाला लावणार तोच ती म्हणाली, “साहेब, द्या तो कप. त्याच्यावर पाणी फुटून राह्यलं.” त्यांना वाटलं कपाला चीर गेली आहे, ते शर्टावर डाग शोधू लागले. तोवर आपा कप घेऊन गेलीसुद्धा. दहा मिनिटांनी धुतलेल्या कपात तोच चहा गरम करून घेऊन आली. प्राचार्यांचा चेहरा बघवत नव्हता. समितीनं मात्र अहवालात लिहिलं की प्रयोगशाळेतली स्वच्छता वाखाणण्याजोगी आहे. ते वाक्य कोणीतरी आपाला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, कपाचं काहून नाही लिवलं?

आता माझ्या कामाकडे येतो.

मी मूळचा महागावकडचा. आमच्याकडे कापूस-सोयाबीनवर फवारणी झाली की पंप विहिरीवरच धुतात, माझ्या घरचेही धुतात. त्या विहिरीच्या पाण्यात किती विष उतरतं, हे तिथल्या तिथे कळावं अशी सोपी चाचणी बनवायची, असा प्रकल्प मी घेतला होता. त्यासाठी सोन्याचे अतिसूक्ष्म कण करायचे होते, केसाच्या जाडीत हजारो मावतील इतके बारीक. गंमत अशी की हे कण पाण्यात मोकळे तरंगत असले की पाणी डाळिंबाच्या रसासारखं लाल दिसतं, आणि एकमेकांना चिकटले की निळं-जांभळं होतं. फवारणीतल्या काही विषांचे रेणू कणांना एकमेकांकडे ओढतात. म्हणजे विहिरीच्या पाण्याचे चार थेंब टाकायचे. लाल राहिलं तर ठीक, निळं झालं तर विष. यंत्र नको, वीज नको.

पण आधी लाल व्हायला हवं होतं. अकरा वेळा मी सोन्याचा क्षार उकळला, त्यात सायट्रेट टाकलं, आणि अकरा वेळा राखेसारखं गढूळ पाणी हाती आलं. भांडी मी स्वतःच धूत होतो, कारण ती आम्लराजानं, म्हणजे सोनंही विरघळवणाऱ्या आम्लानं धुवावी लागतात, आणि ते आपाच्या हाती द्यायला मला भीती वाटायची. बाराव्या दिवशी तिनं माझा फ्लास्क उचलला, त्यात पाणी घेतलं, ओतलं, आणि मला बोलावून दाखवलं. तळाशी पाणी फुटलं होतं. मग तिनं रबरी हातमोजे चढवले, ओढणी कमरेला खोचली आणि पूर्ण दुपार मोरीपाशी काढली. दुसऱ्या दिवशी पाणी आधी काळसर झालं, मग जांभळं, आणि बघता बघता लालभडक. आपा शेजारीच उभी होती.

“एवढंसं सोनं अन एवढा नखरा,” ती म्हणाली. पण त्या दिवशी ती घरी अर्धा तास उशिरा गेली, नुसती बघत बसली होती.

त्यानंतर काम पळायला लागलं. प्रयोगशाळेतल्या शुद्ध पाण्यात विष मिसळलं की निळं, न मिसळलं की लाल. गावातल्या नळाचं पाणी, लाल. मी शोधनिबंध लिहायला घेतला. प्रकल्पाचा अहवालही द्यायचा होता, आणि त्याच वर्षी माझी पदोन्नतीची मुलाखत होती. हे मी कारण म्हणून सांगत नाही. तेव्हा माझ्या डोक्यात काय होतं, तेवढंच सांगतो.

आपाची एकुलती लेक शबाना केळापूरच्या पलीकडच्या एका खेड्यात दिलेली. फवारणीचे दिवस होते. शबानाच्या घरामागे विहीर आणि विहिरीला लागून कपाशी. आपा एका सोमवारी तिथलं पाणी घेऊन आली, आमच्याच प्रयोगशाळेतल्या बाटलीत. बाटली तिनं शनिवारी स्वतः आम्लराजानं धुतली होती. मी चार थेंब टाकले. लाल रंग निळा झाला.

ती टेबलाची कड धरून उभी राहिली. शबानाला सातवा महिना होता.

“सर, पानी खराब हाय का बाटली खराब हाय?”

मला त्या क्षणी उत्तर माहीत नव्हतं. म्हणायला हवं होतं, माहीत नाही. नमुना नागपूरला पाठवायला हवा होता, तिथे मोठ्या यंत्रावर आठवड्यात कळलं असतं. पण मला शंका आली होती की दोष पाण्याचाही नाही आणि बाटलीचाही नाही, माझ्या चाचणीचा आहे. ती शंका मला नको होती. मी म्हणालो, बाटली खराब असेल, आपा.

तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आजवर विसरलेलो नाही. बाटली खराब असेल तर लेक वाचली. पण बाटली खराब नाही हे तिला माहीत होतं. माझ्यावर विश्वास ठेवायची तिची फार इच्छा होती आणि ठेवता येत नव्हता. पुढच्या सोमवारी ती परत तेच पाणी घेऊन आली, तीन बाटल्यांत. तीनही निळ्या. मी परत तेच म्हणालो, या खेपेला तिच्याकडे न बघता.

मग अहवाल लिहिताना या चार निळ्या नमुन्यांचं काय करायचं, हा प्रश्न आला. वगळलेल्या नमुन्यांना कारण द्यावं लागतं. मी लिहिलं: काचसामान नीट धुतलेलं नसल्यामुळे बाद. एका ओळीत काम झालं. अहवाल प्राचार्यांमार्फत जातो. त्यांनी तो सगळा वाचला असेल असं मला वाटत नाही, पण ती ओळ नेमकी वाचली. आपाला मेमो निघाला. कार्यालयाच्या खिडकीशी जाऊन तिनं तो घेतला, सही केली, आणि दुसऱ्या दिवसापासून तिची बदली ग्रंथालयात झाली. सातही ब्रश तिनं खिळ्यांवर तसेच ठेवले. मी त्या दिवशी रजेवर होतो. काढलेली रजा होती ती, आजारपणाची नव्हती.

ग्रंथालयात ती पुस्तकांची धूळ झटकायची आणि पुस्तक घेणाऱ्या पोरांना आधी हात दाखवायला लावायची. जिन्यात भेटली की “सलाम सर” म्हणायची, पहिल्यासारखंच. प्रयोगशाळेत मात्र पाऊल टाकत नसे. शबाना दिवस भरत आलेल्या पोटानं नाल्यापलीकडच्या हातपंपावरून पाणी आणते आहे, असं मला दुसऱ्याकडून कळलं. बाळंत झाल्यावरही आणत होती. मला ते ऐकून जेवण गेलं नाही. पण नमुना नागपूरला मी तरीही पाठवला नाही.

संक्रांत होऊन गेल्यावर एका मधल्या सुटीत आपा प्रयोगशाळेच्या दारात उभी दिसली. हातात कापडी पिशवी. पिशवीत नऊ बाटल्या, एकेकीवर पेनानं आकडा.

“इचारू नका. पहिले टाका,” ती म्हणाली.

मी टाकले. पाच निळ्या झाल्या, चार लाल राहिल्या. मग तिनं मूठ उघडली. मुठीत घामानं ओली झालेली चिठ्ठी होती, तिच्यावर चार आकडे. पाच निळ्यांपैकी चार तिथे होते.

“हे चार कशाचे?”

“ह्या चार विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही. एक शबानाची हाय.”

मी स्टुलावर बसलो. जड पाणी. जमिनीतले क्षार. ज्या क्षारांमुळे तुरीचा दाणा तासन्‌तास कडक राहतो, तेच माझ्या सोन्याच्या कणांना एकमेकांवर ढकलत होते. विष असो-नसो. पुस्तकात हे असतंच, मी पदवीच्या पोरांना शिकवतो. आणि ही बाई पाच महिने सुटीच्या दिवशी गावोगाव जाऊन बायकांना विचारत फिरली होती, तुमच्याकडे डाळ कशी शिजते.

पण पाचवी बाटली का निळी झाली, मी विचारलं. तिथे तर डाळ शिजते असं तुमची चिठ्ठी सांगते.

“थ्या घरची सून डाळीत सोडा टाकत असन,” आपा म्हणाली. “मले सांगतलं नाही तिनं. सासू बसली होती ना बाजूले.”

ती हसली. त्या पाच महिन्यांतलं ते पहिलं हसू मी पाहिलं. लगेच थांबली आणि म्हणाली, “म्हंजे शबानाच्या विहिरीत जहर हाय असं नाही. अन बाटली साफ होती.”

इथे मला एक शब्द बोलायचा होता. होय. मी म्हणालो, “असं दिसतंय खरं.”

तिनं नऊ बाटल्या मोजून पिशवीत भरल्या आणि गेली.

शबानाच्या विहिरीचं पाणी मी त्याच आठवड्यात नागपूरला पाठवलं. विष निघालं नाही. निरोप मी स्वतः नेला नाही, ग्रंथालयातल्या फोनवर सांगितला. पुढे वर्षभरात कणांभोवती एक आवरण चढवून जड पाण्यातही टिकणारी चाचणी तयार झाली. दुसरा निबंध छापून आला, तोच माझा सर्वांत जास्त वाखाणला गेलेला निबंध. त्यात आभाराच्या ओळीत प्राचार्य आहेत, नागपूरची प्रयोगशाळा आहे, माझी बायकोही आहे. आपा नाही. तिचं नाव घातलं असतं तर पहिल्या अहवालातली ती ओळ कोणीतरी काढून पाहिली असती. मला पदोन्नती मिळाली होती. मेमो तिच्या फाइलीत तसाच होता.

ती गेल्या वर्षी निवृत्त झाली. निरोपसमारंभात शाल, नारळ, फोटो. प्राचार्य बोलले की एखादी किरकोळ बाब सोडली तर अत्यंत निष्कलंक सेवा. मग आपाला दोन शब्द बोलायला सांगितलं. तिनं माईकला हात लावला नाही, त्याच्यापासून हातभर अंतर ठेवून उभी राहिली.

“मी बाटली धुतलती,” एवढंच म्हणाली आणि खाली बसली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांना वाटलं, आयुष्यभराच्या कामाबद्दल साधेपणानं बोलली. मी पण टाळ्या वाजवल्या. हात थांबवले असते तर शेजारच्यानं पाहिलं असतं.

त्यानंतर सोळा दिवस मी पत्र लिहीत होतो. लिहायचो, फाडायचो. शेवटी एक टाइप केलं. श्रीमती जैबुनबी यांच्याबाबत अहवालात चुकीची नोंद झाली होती, श्रीमती जैबुनबी यांनी धुतलेलं काचसामान स्वच्छ होतं, तरी श्रीमती जैबुनबी यांना दिलेला मेमो रद्द व्हावा. कार्यालयात देण्याआधी तिला दाखवावं म्हणून मधल्या सुटीत निघालो, तर ती कॉलेजच्या फाटकासमोरच भेटली. शबानाकडे राहायला चालली होती. समोरच्या थांब्यावर काळीपिवळी उभी होती, आपाचं गाठोडं टपावर चढलं होतं. मी कागद पुढे केला. तिनं चष्मा काढून पुसला, घातला, आणि बोट फिरवत ओळ न्‌ ओळ वाचली. गाडीतल्या बायका खोळंबल्या होत्या.

“माहं नाव तीनदा हाय,” ती म्हणाली. “तुमचं कुठं हाय?”

“खाली सही आहे ना, आपा.”

“सही तर साऱ्याच कागदावर रायते. नोंद कोणं केली थे लिवा.”

मी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवला. पत्रा तापलेला होता. टाइप केलेल्या मजकुराखाली हातानं लिहिलं: ही नोंद मी केली. दिलेलं कारण खोटं होतं. ती वाकून बघत होती.

“तवा म्हाईत होतं का तुमाले, का मंग समजलं?”

ड्रायव्हर म्हणाला, आपा, येता का गाठोडं खाली टाकू? तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“तेव्हाच माहीत होतं,” मी म्हणालो.

“मंग थे बी लिवा.”

मी लिहिलं. काचसामान स्वच्छ आहे हे मला तेव्हाही माहीत होतं. त्याच्याखाली परत सही केली, तारीख घातली. ती म्हणाली, द्या, मीच देतो ऑफिसात. इकडच्या बायकांसारखी तीही ‘देतो’, ‘जातो’ म्हणायची. मी म्हणालो, चला, मीही येतो.

“तुम्ही नका येऊ. मेमो घ्याले मी एकटीच गेलती.”

ड्रायव्हरला तिनं गाठोडं खाली टाकायला सांगितलं. रस्ता ओलांडून फाटकातून आत गेली. मी फाटकाबाहेर उभा राहिलो. आवक-जावकीच्या खिडकीचं दार लावलेलं होतं, बाबू जेवायला गेला असणार. आपानं दोनदा टकटक केली, आत डोकावून पाहिलं. मग खिडकीजवळच्या बाकावर, जिथे फी भरायला आलेली पोरं बसतात, तिथे जाऊन बसली.

काळीपिवळीनं दोनदा हॉर्न दिला आणि निघून गेली. माझ्या तासाची घंटा झाली. मला आतच जायचं होतं, त्याच व्हरांड्यातून, तिच्यासमोरून. मी मागच्या फाटकानं गेलो. वळणावरून पाहिलं तेव्हा ती तशीच ताठ बसली होती, चष्मा न काढता, कागद दोन्ही हातांनी मांडीवर धरून, बंद खिडकीकडे बघत.